गणपती चुकवायला कोकणात

आई वैशाखात गेली. त्यामुळे यंदा आमच्याकडे गणपती बसायचा नाही, हे भावकीतल्या जाणत्यांनी तेराव्याच्या पंगतीतच, बुंदी दुसऱ्यांदा वाढून घेताना ठरवून टाकलं. महालक्ष्म्या चुलत भावाकडे उभ्या राहणार, हेही ठरलं. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी "बघू" म्हणालो असतो. सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत 31 वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं उत्तर सुचत नाही.

श्रावण कसाबसा ढकलला. भाद्रपद जवळ आला तशी जुन्या जालन्यात ढोलांची तालीम सुरू झाली. गांधी चमनकडून भाजी घेऊन येताना हातगाड्यांवर मूर्ती दिसायला लागल्या. आमचा गणपतीचा पाट माळ्यावर असतो. तो खाली काढायला आई दरवर्षी चारदा सांगायची आणि मी चारदा विसरायचो. यंदा कोणी सांगत नव्हतं, तर तो पाट डोक्यातून हलेना.

पुण्याहून मुलीचा फोन आला. "बाबा, जरा लांब जाऊन या. कोकणात सड्यांवर आता रानफुलं आली असतील. समुद्र बघा, फुलांतनं नुसतं चाला. मन हलकं होतं."

गणपतीपासून लांब जायचं म्हणून ऐन गणपतीत कोकणात निघायचं, म्हणजे निवांतपणा हवा म्हणून आषाढीला पंढरपूर गाठायचं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. बायकोच्या आलं होतं. पण 31 वर्षं माझ्या हिशेबातल्या चुका मला सापडू देण्याची तिला सवय झालेली आहे.

मी तयारी केली. बूट, टोपी, भिंग आणि एक नवी वही. वहीत पट्टीने रकाने आखले: फुलाचे नाव, रंग, ठिकाण, शेरा. मुक्कामासाठी मी रत्नागिरीच्या दक्षिणेचं गणेशगुळे निवडलं, कारण गुळ्याचा गणपती तिथून उठून पुळ्याला गेला अशी आख्यायिका वाचली होती. ज्या गावाला देवच सोडून गेला, तिथे आपल्याला त्रास होणार नाही, असा माझा हिशेब.

जालना ते गणेशगुळे सहाशे किलोमीटरच्या वर पडतं. पुण्यात मुलीकडे मुक्काम केला. त्यापुढे एका टोलनाक्यावर फास्टॅगमध्ये पैसे नसल्याचं उघड झालं. चूक माझी. रोख दिले तर दुप्पट, असं खिडकीतल्या पोराने सांगितलं, आणि वर म्हणाला, "काका, घरून निघताना बघायचं असतं ना." आई अगदी हेच म्हणायची. मी स्मशानात रडलो नव्हतो, दहाव्याला कावळा तासभर शिवला नाही तेव्हाही रडलो नव्हतो. इथे हुंदका फुटला. मागे भोंग्यांचा कल्लोळ. पोरगं घाबरलं. "काका, एवढं नका मनाला लावून घेऊ, थोडेच पैसे आहेत," म्हणाला. बायकोने पैसे दिले, पावती घेतली आणि मला गाडी बाजूला घ्यायला लावली. पावती मी वहीत लावली. शेरा: टाळता आला असता.

आंबा घाट उतरून मुंबई-गोवा महामार्गाला लागलो, तर अख्खी मुंबई तिथे उभी. चाकरमान्यांच्या गाड्यांच्या टपावर सामान, आत पोरंबाळं, आणि प्रत्येक गाडीत वेगळ्या आवाजात तीच आरती. अर्धा तास मी त्या आरत्यांच्या मधोमध, काचा वर करून, स्टिअरिंग धरून बसलो. बायको गुणगुणत होती. मी बघितल्यावर थांबली, आणि नंतर पुन्हा सुरू झाली.

मुक्कामाच्या घरी ओटीवरच गणपती. मालकीणबाई म्हणाल्या, "आधी दर्शन घ्या, मग खोली दाखवते." दहाव्या मिनिटाला बायको माजघरात मोदकांना कळ्या पाडत होती. मी समुद्रावर पळालो.

तिथे मला पहिला शोध लागला. वाळूवर दूरवर पसरलेला वेल, पान थेट आपट्याचं आणि फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखं. मी चार पानं खुडली. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिथूनच हटकलं. "ती मर्यादवेल आहे. तिच्यामुळे वाळू थांबते. तोडू नका." मी पानं खिशात घातली, जणू त्याने ती परत लागतील. फोटो मुलीला पाठवला, खाली लिहिलं: दुर्मीळ. तिचं उत्तर आलं, "बाबा, ही आपल्या जालन्याच्या कुंडलिका नदीतल्या बेशरमाची चुलत बहीण. दोघींचं आडनाव एकच, आयपोमिया."

म्हणजे पुलावरून फुकट दिसणाऱ्या फुलाची बहीण बघायला मी दोन दिवस गाडी हाकली होती. एक भरतीच्या रेषेपाशी वाळू धरून बसते म्हणून तिला मर्यादा म्हणायचं. दुसरी कुठेही तोडून टाकली तरी फुटते म्हणून बेशरम. आईचं वनस्पतिशास्त्र याहून सोपं होतं. तिच्याकडे तीनच वर्ग: देवाला चालतं, भाजीला चालतं, आणि उपट. जालन्यात वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, 2013 च्या दुष्काळात टँकरमागे घागरी घेऊन पळालेली बाई ती. चौथा वर्ग पोसायला पाणी कुठून आणणार? भाजी धुतलेलं पाणी ती गच्चीवर डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला घालायची.

दुसऱ्या दिवशी सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार; पावसाळाभर त्याच्या खळग्यांत पाणी आणि बोटभर माती. माझ्या डोक्यात गालिचा होता, कासच्या फोटोंतला. प्रत्यक्षात मला गवत आणि शेवाळ दिसलं. फुलं खाली होती, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ती बघायची तर गुडघे टेकावे लागतात. माझे गुडघे टेकले की त्यांची उठण्याची तयारी नसते. शेवाळावरून घसरलो तेव्हा तो प्रश्न आपोआप सुटला. आता पडलोच आहोत तर बघू, म्हणून पोटावर वळलो आणि भिंग काढलं.

निळी-जांभळी सीतेची आसवं, पांढऱ्या टाचणीच्या टोकांसारखे गेंद, आणि केसाळ पानांवर चिकट थेंब मिरवणारं दवबिंदू. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं की यातली आसवं आणि दवबिंदू दोन्ही किडे खातात. सड्याच्या मातीत कस नाही, म्हणून ही सोय. दवबिंदूचं एक वेळ समजू शकतो. पण आसवांनी मातीखाली बारीक फुग्यांचे सापळे लावून बसावं? मग तेराव्याची पंगत आठवली. डोळ्यांना पदर आणि पानात बुंदी, हे तिथे अनेकांना जमलं होतं.

"काय हो, पडलाव काय?"

डोक्याशी एक आजी उभी. कमरेला कोयती, डोक्यावर प्लास्टिकची खोळ आणि काखेत तेरड्याचा भारा.

"नाही, फुलं बघतोय."

"झोपून?"

मी उठायचा प्रयत्न केला. तिने हात दिला, आणि मी उभा राहिल्यावर त्याच हातात भारा दिला. "गवर न्यायची हाय. माजी कंबर गेलीया. पाखाडीपर्यंत धरा."

आमच्याकडे महालक्ष्म्यांना मुखवटे असतात. इकडे कित्येक घरांत तेरड्याचीच गौर करतात हे ऐकून होतो. मी घाईने सांगितलं, "आजी, आम्हाला यंदा सण नाही. आई गेली."

"सन तुमाला नाय. गवरीला हाय ना? चला."

याला लेखा शाखेतही उत्तर नव्हतं. निघालो. तेरड्याच्या पिकलेल्या शेंगेला धक्का लागला की ती फुटते आणि बिया उडवते. दोनचार माझ्या मानेवर फुटल्या. वाटेत आजीने विचारलं, तुमच्यात गवर कशी असते. मी सांगायला लागलो. मुखवटे, कोठ्या, आदल्या रात्री साडी नेसवताना आईची चिडचिड, निऱ्या मी धरायच्या आणि नीट धरल्या नाहीत म्हणून बोलणी खायची. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या.

"सोळा? आनि खातं कोन?"

"मी. आठ दिवस."

आजी हसली, मीही हसलो. हसता हसता पाखाडीच्या पायऱ्या आल्या ते कळलं नाही, म्हणून घरापर्यंत गेलो. उंबऱ्याबाहेरच थांबलो, भारा तिच्या सुनेच्या हातात दिला. कोरा चहा मिळाला. परत येताना वाट चुकलो; समुद्राच्या आवाजाकडे चालायचं ठरवलं आणि एका गडग्यावरून बागेत उतरलो, तिथला कुत्रा मागे लागला. तो भाग बायकोला सांगितलेला नाही.

ओल्या बुटांनी मुक्कामी पोचलो तेव्हा ओटीवर आरती चालू होती. टाळ वाजवायला एक माणूस कमी पडत होता.

जालन्याला आल्यावर बायकोने धुवायला शर्ट घेतला, तर खिशात मर्यादवेलीची सुकलेली पानं निघाली आणि कॉलरच्या घडीत बिया. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे आपण म्हणतो. बियांबद्दल म्हणीत काही नाही. आईच्या तुळशीशेजारी एक डालड्याचा डबा रिकामा होता. उगवल्याच तर पुढच्या पावसाळ्यात. माझ्या वहीत सड्याच्या दिवसाचं सगळं पान कोरं आहे. खाली एकच ओळ: तेरडा, बिया 7, जमा.