बिअरच्या पेट्यांची सरहद्द

कॅनडाच्या 1867 च्या घटनेतील 121 व्या कलमाने एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात निर्वेध दाखल होईल अशी हमी दिली असली, तरी 2012 साली न्यू ब्रन्सविकच्या एका निवृत्त गृहस्थाने नदीपलीकडच्या क्यूबेकमधून स्वस्त बिअरच्या पेट्या मोटारीत घालून आणल्या, तेव्हा दारूचा मक्ता राखून असलेल्या प्रांतिक सरकारने त्याला 292.50 डॉलर दंड फर्मावला, आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या दंडामागचा कायदा घटनासंमत ठरवला. त्याच क्यूबेकमध्ये 2008 पर्यंत मार्गारिनला लोण्याचा पिवळा रंग देण्यास मनाई होती. गवळ्यांच्या अब्रूचा प्रश्न! विक्रीकर म्हणाल, तर अल्बर्टात 5 टक्के, न्यू ब्रन्सविकमध्ये 15. अशा राष्ट्राने परदेशांशी मुक्त व्यापाराचे तहनामे करावेत, हे धाडसच म्हणावे लागेल.