चौऱ्यांशी महादेव आणि एक टाच

बुटात घालायचा इनसोल ज्यानं शोधून काढला, त्यानं उज्जैन पाहिलेलं नसणार. सकाळी चढवलेले बूट थेट रात्री उतरवणाऱ्या मुलखातला तो माणूस असावा. आमच्याकडे चौऱ्यांशी महादेव, ते नुसते मोजणीतले. महाकाल, हरसिद्धी, काळभैरव, चिंतामण गणेश, गोपाळ मंदिर हे त्यावर. प्रत्येकाच्या दारात बूट काढायचे. म्हणजे टाचेचा महागडा आधार बाहेर टोकन घेऊन पहुडलेला आणि टाच बिचारी आत दगडी फरशीवर.

टाच माझी आणि उजवी. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टेकलं की खिळा घुसावा अशी कळ येते. थोडं लंगडलं की सैल पडते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया नावाचा. तो टाचेच्या हाडापाशी ताणून कुरकुरतो, असं डॉक्टर म्हणाले. मी घराण्याचा इतिहास सांगितला. शिंद्यांच्या फौजेबरोबर आम्ही माळव्यात आलो. 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, आम्ही जागचे हललो नाही. ही स्थिरता टाचेला भोवली असेल का? डॉक्टरांनी इतिहास बाजूला सारून वजनकाट्याकडे बोट दाखवलं. पोटऱ्या ताणायचे व्यायाम दिले आणि म्हणाले, "घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही."

"स्वयंपाकघरातसुद्धा?" हे मी नाही, आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. शेवटी तडजोड झाली: मऊ एमसीआर चप्पल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तहान लागली तर उंबऱ्यातूनच हाक मारायची. वैद्यकशास्त्रानं माझ्यावर केलेला एवढा मोठा उपकार दुसरा आठवत नाही.

फ्रीगंजमधल्या दुकानात मुलगा म्हणाला, "अंकलजी, कस्टम बनवा लो, पैर की पूरी कुंडली निकल आएगी." यंत्रावर उभा राहिलो. पडद्यावर तळव्याचा रंगीत नकाशा उमटला; मधे निळा आणि टाचेखाली लालभडक. मंगळाचं जन्मस्थान आमच्याच गावचं मंगलनाथ, तेव्हा तो माझ्या टाचेत उतरला यात नवल नव्हतं. त्याच्या शांतीचा खर्च मात्र ऐकवेना. साध्या टाचदुखीत मापाच्या आणि तयार इनसोलमध्ये चाचण्यांना फारसा फरक दिसलेला नाही, हे डॉक्टरांनी आधीच कानात सांगून ठेवलं होतं. मी तयारच्या फळीकडे वळलो.

तिथे कळलं की हाताला मऊ लागतो तो चांगला, ही समजूत फसवी. नुसता मऊ असला तर लवकर चपटा होऊन बसतो. इनसोल बोटांकडे वाकावा, मधोमध वाकू नये, टाचेला खोलगट वाटी असावी. बुटातला मूळचा तळ काढूनच तो घालायचा, नाहीतर टाच उंच होऊन बुटातून निसटते. सुरुवातीला रोज तासा-दोन तासांपुरताच, मग हळूहळू वाढवायचा. आणि कोल्हापुरी वहाणेत यातलं काहीही बसत नाही. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण टाचेचा भूगोल तिच्या गावी नाही.

"देवळात काय करू?" असं विचारल्यावर मुलानं सिलिकॉनच्या टाचवाट्या काढल्या. मोज्यात सरकवायच्या, बाहेर काही दिसत नाही. मी म्हणालो, एकच दे, उजवी. "जोड़ी नहीं टूटेगी. एक पैर ऊँचा, एक नीचा, फिर कमर लेकर आओगे." घेतली जोडी.

आमची आत्या या सगळ्याला हसते. सत्तरीच्या पुढची बाई दर वर्षी पंचक्रोशी करते: 118 किलोमीटर, अनवाणी, तेही वैशाख वद्यातल्या उन्हात. (हा उत्तरेकडचा वैशाख, आपल्या पंचांगात तेव्हा चैत्रच असतो, पण डांबर पंचांग बघून तापत नाही.) निघताना पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून त्याच्याकडून बळ मागून घ्यायचं आणि यात्रा संपली की मातीचे घोडे वाहून ते परत करायचं, अशी रीत आहे. माझ्या इनसोलची किंमत ऐकून ती म्हणाली, "नागचंद्रेश्वर नारळावर देतो रे."

यंदा अमावास्येला घोडे वाहून ती आमच्याकडे मुक्कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो आत्या भिंत धरून उभी, एक पाय अधांतरी. बळ परत केलं होतं, हिशेब चोख होता. आता टाच तेवढी स्वतःची उरली होती. मी काही बोललो नाही. संध्याकाळी ती माझे मोजे चढवून घरभर फिरताना दिसली. स्वयंपाकघरातसुद्धा, आणि तिला कोण अडवणार!

"आत्या, त्या वाट्या माझ्या आहेत."

"ठाऊक आहे," पुढची फेरी मारत ती म्हणाली, "परत देईन तेव्हा घोड्यासकट देईन."