आडवी तुळई, आडमुठी गाडी

स्पोर्ट्‌स कार जमिनीला जितकी चिकटलेली, तितकी वळणावर भरवशाची आणि तितकीच तिच्याखाली शिरू पाहणाऱ्याच्या मुळावर आलेली. अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट हे याचे ठळक उदाहरण. १९९७ ते २००४ या काळात निघालेली तिची पाचवी पिढी ताशी सुमारे २८० किलोमीटरपर्यंत पळते. पण घरच्या गॅरेजात तिला फूट-सव्वा फूट वर न्यायचे म्हटले, की मालकाची अर्धी सकाळ खर्ची पडते.

अडचण वजनाची नाही. गाडी जेमतेम दीड टनाची, त्यामुळे पुढची बाजू उचलताना पाऊण टनाच्या आसपास भार येतो. दोन-तीन टनी ट्रॉली जॅकला तो किरकोळ. जोसेफ ब्रामाने १७९५ साली ज्या हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेच तत्त्व इथे राबते : बारीक दट्ट्यावर दिलेला जोर तेलातून जाड दट्ट्यापर्यंत पोचतो आणि कित्येक पटींनी वाढतो. गाडीचे नाक ४० सेंटिमीटर उचलण्याचे काम, घर्षण सोडले तर, दहा किलो गव्हाची पिशवी दहाव्या मजल्यावर नेण्याइतकेच आहे. जॅकचा दांडा ते हप्त्याहप्त्याने करू देतो, एवढेच.

खरी अडचण जागेची आहे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीच शिरायचे नसते. आतले सील केव्हा दगा देईल याचा नेम नाही. म्हणून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवावी लागते. कॉर्व्हेटच्या चौकटीला चाकांलगत चार लांबट खाचा असतात. त्यांत चकत्या अडकवल्या, की भार घेण्याची हक्काची जागा तयार होते. पंचाईत अशी, की जॅकला हवी तीच जागा आणि घोडीलाही तीच. जॅक काढावा तर गाडी खाली येते, न काढावा तर घोडीला शिरकाव नाही.

मग नजर दोन्ही चाकांच्या मधल्या भागावर जाते. तिथे एक रुंद, भक्कम पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते. जॅकसाठीच घडवली असावी इतकी ती सोयीची दिसते, आणि म्हणूनच तिच्यापासून चार हात लांब राहावे. ती काचतंतूंची आडवी लीफ स्प्रिंग असते. लोड घेणे हा तिचा धंदा खरा, पण जॅकची टोचणी सोसणे नव्हे. ऑइल पॅन तर त्याहून नाजूक. कडेला सरकावे तर फायबरग्लासचे अंग. १९५३ पासून कॉर्व्हेटचे हेच वैशिष्ट्य. या अंगाला पोचा येत नाही, थेट तडा जातो.

या पेचातून आडवी तुळई सोडवते. जॅकच्या डोक्यावरची थाळी काढून तिच्या जागी तुळईचा खुंटा बसतो. तुळईचे दोन्ही हात बाहेर ओढता येतात आणि त्यांच्या टोकांना रबरी गाद्या असतात. इंजिनखालच्या आडव्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना, दुरुस्ती-पुस्तिकेत सांगितलेल्या पक्क्या जागी या गाद्या टेकतात, आणि चकत्यांच्या जागा घोड्यांसाठी मोकळ्या राहतात. मात्र दोन अटी आहेत. तुळईची क्षमता बहुधा जॅकपेक्षा कमी असते, तेव्हा जॅकवरचा मोठा आकडा वाचून छाती फुगवू नये. शिवाय तुळईमुळे जॅकची उंची वाढते आणि तो गाडीखाली जातच नाही. त्यासाठी आधी गाडी फळ्यांवर चढवावी लागते. उचलण्यासाठी उचलण्याची ही पूर्वतयारी मुकाट्याने करावी.

सपाट, टणक फरशीवर मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. मागची बाजू उचलायची असेल तर ठोकळे पुढच्या चाकांना. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, ती हवेत गेली की त्याला काही अर्थ उरत नाही. चाके काढायची असतील तर नट जमिनीवरच सैल करावेत, नाहीतर पान्याबरोबर चाकही गरागरा फिरते. तुळईचे हात दोन्हीकडे सारखे ओढून गाद्या सपाट टेकल्याची खात्री करावी. स्टिअरिंगचे दांडे आणि ब्रेकच्या नळ्या अध्येमध्ये नकोत. वर जाताना जॅकचे डोके सरळ न जाता कमानीत जाते, म्हणून जॅकची चाके घरंगळायला मोकळी हवीत. एखादा खडा चाकाखाली अडला, तर जॅक जागीच राहतो आणि तुळई सरकू लागते. दर दोन-चार दाबांनंतर वाकून पाहावे. गाडी एका अंगाला कलताना दिसली, तर दांडा आणखी जोरात मारणे हा उपाय नव्हे. खाली घेऊन तुळई पुन्हा मध्यावर आणावी.

उंची मिळाली की चकत्यांखाली घोड्या सरकवाव्यात, त्यांचे खटके बसल्याची खात्री करावी आणि झडप अगदी हळू सोडून भार त्यांच्यावर द्यावा. मग गाडी बाहेरूनच हलवून पाहावी. डगमगायची असेल तर तिने आत्ताच डगमगावे, खाली माणूस असताना नव्हे.

उतरवण्याआधी हत्यारे मोजून घ्यावीत; न सापडणारा पाना हमखास गाडीखाली असतो. घोड्या काढण्यापुरती गाडी पुन्हा उचलून मग सावकाश खाली सोडावी. टेकल्यावरही ती जरा उंचच बसते. टायर आतल्या बाजूला रोवले गेल्यामुळे सस्पेन्शन अडखळलेले असते. थोडी पुढे-मागे घेतली की ते पूर्ववत बसते. शेवटी चाकांचे नट टॉर्क पान्याने, एकाआड एक, सुमारे १४० न्यूटन-मीटरवर आवळावेत. पान्यावर उभे राहून नाचण्याची पद्धत मोजमापात बसत नाही.