ताणून धरणारे आप्पा

मे महिन्यात कोकणात निघालेल्या गाडीभोवती एक आप्पा असतातच. गाडी त्यांची नसते, सामान त्यांचं नसतं, जाणारेही त्यांच्या घरचे नसतात. पण टपावर पहिली बॅग चढली की आप्पा जिना उतरून येतात, आणि त्यांच्या डोळ्यांवर नातीचा पोहायचा निळा चष्मा असतो.

लोक हसतात. आप्पा हसू देतात आणि मग विचारतात, "हूक सुटला तर कुठे जाईल, सांगा." कोणी सांगत नाही. सामान बांधायच्या इलॅस्टिकच्या दोरीला दोन्ही टोकांना हूक असतात, आणि ताणलेल्या दोरीचा हूक निसटला की ज्यानं ती ताणली त्याच्याच तोंडावर येतो. त्यानं डोळे गमावलेल्या लोकांच्या नोंदी डोळ्यांच्या डॉक्टरांनी करून ठेवल्या आहेत, आणि सहलीला निघालेल्या माणसांना त्या ऐकवण्याची आप्पांना हौस आहे. "ताण दुप्पट, तर साठलेली ऊर्जा चौपट. हूकचा नियम!" हा नियम रॉबर्ट हूकचा, आणि रबर तो तंतोतंत पाळत नाही, असं अकरावीतल्या नातीनं एकदा सर्वांदेखत सांगितलं. आप्पा म्हणाले, "रबर नसेल पाळत. आपण पाळायचा."

आप्पांचा खरा आविष्कार पाहायचा तर बोहरी आळीत त्यांच्याबरोबर खरेदीला जावं. दुकानाबाहेर उन्हात लटकणाऱ्या रंगीत जुड्यांकडे ते बघतसुद्धा नाहीत. उन्हानं रबराला चिरा जातात. आतली दोरी काढायला लावतात. ती हळूच ताणून वरच्या कापडी विणीतून आतले रबराचे धागे डोकावतात का ते पाहतात. हुकाची तार बोटांनी फाकवून बघतात. फाकली तर घाटातल्या पहिल्या वळणावर सरळ होणार, हे नक्की. मग दोरीचं टोक हुकात कसं पक्कं केलंय याची चौकशी होते. शेवटी खिशातून मापाची सुतळी निघते, कारण दोन फुटांची दोरी तीन फुटांपुढे ताणायची नाही, हा घरचा कायदा. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात. "काका," दुकानदार म्हणतो, "दोरी घेताय की जावई?"

आप्पांचा जन्मजात शत्रू म्हणजे दुचाकीवाला तरुण. दोरी अपुरी पडली म्हणून तो हुकात हूक अडकवतो, उरलेला हूक नंबरप्लेटला लावतो आणि लोंबतं टोक चाकाशेजारी सोडून किक मारतो. ते टोक साखळीत गेलं तर मागचं चाक जागीच अडकतं. आप्पा फाटकात आडवे उभे राहतात. या बाबतीत मी सर्वस्वी आप्पांच्या बाजूनं आहे, आणि आप्पांच्या बाजूनं असणं ही काही सुखाची गोष्ट नाही.

तर टपाकडे वळू. एवढी पारखून आणलेली दोरी आप्पा बॅगांना लावतच नाहीत! बॅगा साध्या दोरानं आवळतात.

"मग ही कशाला आणली?"

"ताडपत्री फडफडते ना, तिच्यासाठी. इलॅस्टिक ताणलं जातं, म्हणजे ब्रेक मारल्यावर बॅगही सरकणार. जड सामानाला न ताणणारा दोर किंवा पट्टा."

हे ऐकेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं, मुलांनी गाडीतल्या पुरणपोळ्या संपवलेल्या असतात आणि ताम्हिणी घाटातल्या थंडगार सकाळीचा बेत केव्हाच बारगळलेला असतो. तरी आप्पा हूक लावताना दोरीच्या रेषेत कोणाला उभं राहू देत नाहीत. गाडी हलल्यावरही काचेशी धावत येतात: "काढताना जास्त जपा! पोचल्यावर सगळ्यांना घाई असते. हूक घट्ट धरा, ताण सैल करा, मग सोडा. तोंड बाजूला!"

दोरी परत आली की सावलीत टांगली जाते. चीर दिसली की निवृत्त. आणि निवृत्त दोरी कचऱ्यातून उचलून कोणी वापरू नये म्हणून आप्पा दोन्ही हूक कापून डब्यात ठेवतात. परवा काकूंनी त्यातला एक मनीप्लँटची कुंडी टांगायला मागितला. आप्पा वजनकाटा आणायला गेले.