कोइन्सिडन्स काका

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत मुंबईहून निवृत्त होऊन आलेली माणसं वाडीगणिक सापडतात. बँकवाला ठेवींचे दर सांगतो, गोदीवाला बोटींची नावं सांगतो, मंत्रालयवाला फाइल नेमकी कुठं अडते ते सांगतो. आमच्या नागावचे शेजारचे काका मात्र काही सांगत नाहीत. ते विचारतात, "हे तुला कुणी सांगितलं? आणि आणखी कुणी?"

काकांची नोकरी टाटा इन्स्टिट्यूटची, पण मुक्काम उटीला. तिथं 2200 मीटर उंचीवर ग्रेप्स-3 नावाचा प्रयोग चालतो. 25 हजार चौरस मीटर आवारात आठ-आठ मीटरवर मांडलेले चारशेच्या आसपास डिटेक्टर, आणि शेजारी म्यूऑन नावाचे कण पकडायला 3712 लोखंडी नळ्या, एकेक सहा मीटर लांब. या नळ्यांत गॅस भरायचा, गळती शोधायची, तारा जोडायच्या, हे काकांचं काम. "मी शास्त्रज्ञ नव्हे, शास्त्रज्ञांचा प्लंबर," असं ते सांगतात, आणि सांगताना जोर प्लंबरवर असतो.

एकदा ओटीवर त्यांनी मला सगळं समजावलं. अंतराळातून एखादा जबर ऊर्जेचा कण येतो, वर हवेवर आपटतो. त्यातून नवे कण निघतात, त्यांतून आणखी, आणि जमिनीवर कणांची सरच कोसळते. हिला शॉवर म्हणायचं. "पण एकटा काउंटर, म्हणजे कण मोजणारा डिटेक्टर, वाजला तर त्याला काही अर्थ नाही. तो उगाचही वाजतो. लांबलांबचे तीन-चार एकाच क्षणी वाजले, की समजायचं काहीतरी आलं. त्याला कोइन्सिडन्स म्हणतात. तो झाला की नोंद सुरू होते, तो ट्रिगर. 1938 साली पिअर ओझे यांनी आल्प्समध्ये काउंटर एकमेकांपासून 300 मीटर लांब नेले, तरी ते एकदम वाजले. 300 मीटर! म्हणजे इथून एस.टी.च्या थांब्यापर्यंत."

काकांनी प्रयोग उटीला ठेवला आणि कोइन्सिडन्स तेवढा बिऱ्हाडासोबत इकडे आणला.

मंगळवारी वीज जाणार, असं लाइनमन म्हणाला की काका रिक्षावाल्याला विचारतात, मग किराणावाल्याला. दोघांनीही ते लाइनमनकडूनच ऐकलं असेल तर काका हात झटकतात, "वायर एकच आहे. ट्रिगर नाही." तोवर वीज गेलेली असते, आणि काका अंधारात समाधानाने म्हणतात, "आता धरायला हरकत नाही."

बाजारात जिताडा घ्यायचा तर तीन कोळणींना विचारायचं. तिघी एका सुरात म्हणतात, "आत्ताच उतरलाय, काका." काका खूश होण्याऐवजी गंभीर होतात. "तिघींचा स्वार्थ एकच, म्हणजे काउंटरही एकच." मग ते चष्मा कपाळावर चढवून कल्ला उघडतात, लाली बघतात, बोटाने मांस दाबून खळगा भरतो का पाहतात. एवढ्यात मागून कुणीतरी पिशवी पुढं करतो आणि जिताडा निघून जातो. काका सुरमईचा विषय काढतात, तेव्हा तिघीही पाठ फिरवतात.

सर्वांत मोठा घोळ झाला तो भाचीच्या स्थळाचा. पेणचा मुलगा, घर चांगलं. चौकशी काकांकडे. शेजारी म्हणाला उत्तम, शाळेतले मास्तर म्हणाले उत्तम. तिसरा काउंटर म्हणजे मुलाच्या ऑफिसातला माणूस, तो रजेवर. काका त्याची रजा संपायची वाट बघत बसले आणि तिकडे मुलाचा साखरपुडा उरकला. बहीण तणतणत आली. काका शांतपणे म्हणाले, "खोटी नोंद करण्यापेक्षा खरी सुटलेली बरी. अगं, सर्वांत जास्त ऊर्जेचा कण एका चौरस किलोमीटरवर शतकातून एखादा पडतो. तेवढ्यासाठी अर्जेंटिनात तीन हजार चौरस किलोमीटरवर डिटेक्टर मांडून बसलेत लोक."

"बसू देत. माझ्या पोरीकडे शतक नाहीये," बहीण म्हणाली.

अलिबाग तालुक्यावर काकांचा एकच आक्षेप आहे. तो समुद्रसपाटीला आहे. "इथं पोचेपर्यंत बहुतेक शॉवरचा जीव जातो. उरतो तो म्यूऑन." त्याच्याबद्दल मात्र त्यांना जिव्हाळा. आयुष्य सेकंदाच्या दोन दशलक्षांशाहून किंचित जास्त. साध्या हिशेबाने सहा-सातशे मीटरांत संपायला हवा. पण वेगामुळे त्याचं घड्याळ आपल्या हिशेबी मंद चालतं, म्हणून दहा-पंधरा किलोमीटर वरून खाली पोचतो. "हे घड्याळ तपासता येईल, असं 1938 साली भाभासाहेबांनी लिहून ठेवलंय." मग काका तळहात पसरतात. "एक... एक... सेकंदाला साधारण एक, आरपार." पाहुणा हात मागं घेतो. काकांना ते आवडतं.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून जाताना ते स्कूटरचा वेग कमी करतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकीय मोजमाप बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं काम 1904 साली इथं आलं. इमारत बांधताना लोखंड टाळलं. "22 जून 2015 ला सूर्याकडून मोठं वादळ आलं. पृथ्वीचं चुंबकीय कवच ढिलं पडलं, आणि आमच्या नळ्यांत दोन तास जादा म्यूऑन आले. चुंबकवाले वेगळे, आम्ही वेगळे, कुणी कुणाला विचारलेलं नाही, आणि गोष्ट एकच. याला म्हणतात पुरावा!" मागचा टेम्पो हॉर्न वाजवतो. एकच हॉर्न, काका हलत नाहीत.

काकूंनी ही विद्या ऐकून ऐकून आत्मसात केली आहे. अंगणात वाल वाळत घातलेले, आभाळ भरलेलं, काका खुर्चीत. काकू दारातून म्हणाल्या, "मी सांगत्ये पाऊस येतोय. शेजारीण कुंपणावरून तेच ओरडत्ये. आणि तुमच्या टकलावर थेंब पडला, तो मी बघितलाय. झाले तीन. उठा!" काका निमूट उठले. तक्रारीला जागाच नव्हती.

गेल्या पावसाळ्यात रात्री गावभर मोबाइल वाजले. समुद्र आत येतोय, किनारा सोडा. कुणी पासबुकं शोधली, कुणी म्हातारीला रिक्षात बसवलं. काका दिवा लावून एकेकाचा फोन बघत बसले. अठरा फोन, अठराही ठिकाणी तोच मजकूर, 'किनारा' शब्दातली चूकही तीच. मग त्यांनी बंदरावर फोन लावला, पोलीस चौकीत लावला, आणि स्वतः बॅटरी घेऊन पुळणीवर जाऊन आले. "एकच काउंटर आहे," ते म्हणाले, "तारा तेवढ्या अठरा आहेत. झोपा."

लोक झोपले. तेव्हापासून गावात काही उठलं, की पोरं आधी काकांच्या ओटीवर येतात, "काका, ट्रिगर झाला का?" काका त्यांच्याकडे चष्म्यावरून बघतात. "तुम्ही चौघं एकत्र आलात की वेगवेगळे?"