कुत्रा आवरा, डंपर अडवा

वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या तलावावर कुत्रा घेऊन फिरायला येणाऱ्यांशी दोन गोष्टी स्पष्ट बोलायच्या आहेत. तिसरी महापालिकेशी.

पहिली गोष्ट साखळीची. "आमचा काही करत नाही हो!" हे माणसांना सांगून भागतं. टिटवीला ते कसं सांगणार? तिचं घरटं म्हणजे उघड्या जमिनीवरचा खळगा आणि त्यात मातीच्या रंगाची तीन-चार अंडी. साधारण मार्च ते ऑगस्ट हा तिचा विणीचा हंगाम. सुटा कुत्रा काठावरच्या गवतात शिरला की ती अंड्यांवरून उठते आणि घिरट्या घालत ओरडत राहते. तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात, कावळ्यांच्या नजरेस पडतात. टिटवी ओरडली की अपशकुन, असं म्हणणाऱ्यांनी ती कशासाठी ओरडते तेही बघावं.

सिडनीजवळच्या रानातल्या पायवाटांवर संशोधकांनी मुद्दाम कुत्री फिरवून पाहिली. 2007 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. त्या पायवाटांवर पक्ष्यांच्या जाती 35 टक्क्यांनी आणि संख्या 41 टक्क्यांनी कमी भरली. ही सगळी कुत्री साखळीला बांधलेली होती! म्हणजे साखळी बांधली की काम झालं, असं नाही. साखळी ही किमान अट. बांधलेला कुत्राही पक्क्या वाटेवरूनच चालवायचा, गवतात न्यायचा नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकतात, त्यांत अनेकदा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंग्लंडच्या नद्यांमधल्या 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल सापडलं. पाण्यातल्या किड्यांना ते अगदी थोडंही घातक ठरतं. चतुराची पिल्लं तलावातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खाऊन मोठी होतात. ती मेली तर डासांचं फावणार. तेव्हा कुत्र्याला पोहायला तलावात उतरवू नका. त्यात त्याचंही भलं आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून त्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो आणि त्याच्या लघवीतून तो घरच्यांपर्यंत पोचू शकतो. लस दरवर्षी द्या. विष्ठा उचला, कारण ती पावसाबरोबर तलावातच जाते आणि शेवाळाचं खत होते.

यावर कुणी म्हणेल, मग कुत्र्यांना बंदीच घाला. माझा त्याला ठाम विरोध आहे. कुत्रा पाळणारा माणूस बारा महिने, भर पावसातही बाहेर पडतो. तरंगणारे मेलेले मासे, रात्रीतून पडलेला राडारोडा त्याच्या नजरेला आधी पडतो. असा रोजचा राखणदार फाटकाबाहेर काढून कुणाची सोय होणार?

म्हणून तिसरी गोष्ट भरावाची. कुत्रा एखादं घरटं उधळतो; भराव अख्खी पाणथळ गाडून टाकतो. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याला खाडीपर्यंत पोचायला तलाव, खाजणं, मिठागरं लागतात. जुलै 2018 मध्ये वसईच्या मिठागरात शेकडो माणसं पाण्यात अडकली, लोकल ठप्प झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांभोवती 50 मीटरचं संरक्षण घातलं. मिठागरांना मात्र केंद्राच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी व्याख्येतूनच वगळलंय. पाणी काही व्याख्या वाचून थांबत नाही.

महापालिकेने फिरायची वाट आणि पक्ष्यांचा काठ वेगळे करावेत. काठाचा एक भाग विणीच्या काळात माणसांनाही बंद ठेवावा. वाटेवर विष्ठेसाठी डबे ठेवावेत. कुत्रा मोकळा सोडणाऱ्याला दंड करावा, आणि राडारोडा टाकणारा डंपर जप्त करावा. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू व्हावं.

आणि कुत्रेवाल्यांनो, साखळी धरायला एकच हात लागतो. दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर भराव टाकणाऱ्या डंपरच्या नंबरप्लेटचा फोटो घ्या, प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.