आठ तालुके, एकच समास

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर. त्यामुळे जिल्ह्याच्या कोणत्याही कार्यालयातल्या एक्सेल फाइलमध्ये आठ शीट असतात. प्रत्येक शीट आपापल्या तालुक्यात जन्माला येते, तिथल्या संस्कारांत वाढते आणि मग मेलने जिल्ह्याला नांदायला येते. आठही जणींना एका नस्तीत, एका टॅगमध्ये गुण्यागोविंदाने बसवायचं काम एका लिपिकाकडे असतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. साहेबांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांना ते प्रिंट काढून द्यावं लागेल.

उदाहरणादाखल पैसेवारी घेऊ. ज्यांची शेतीशी गाठ फक्त भाजीबाजारात पडते त्यांच्यासाठी सांगतो: खरिपाचं पीक यंदा कसं उतरलं हे गावागणिक पैशांत मांडायची ही महसुली रीत. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरअखेर अंतिम. गाव ५० पैशांच्या आत आहे की वर, यावर पुढची सगळी चर्चा चालते. म्हणजे एका रकान्यातला ४८ हा आकडा आणि ५२ हा आकडा यांच्यामध्ये अख्ख्या गावाचं वर्ष उभं असतं. असा कागद नीट छापलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

प्रत्यक्षात काय येतं? एक शीट उभी, दुसरी आडवी. एकीचा कागद ए-फोर, दुसरीचा लीगल, आणि तिसरीचा 'लेटर' नावाचा अमेरिकन कागद, जो वर्ध्याच्या एकाही स्टेशनरीच्या दुकानात कोणी मागत नाही. एकीचा समास इतका रुंद की मजकूर मधोमध अंग चोरून बसलेला, तर दुसरीचा इतका अरुंद की पंच मारला की पहिल्या रकान्यातल्या गावांची आद्याक्षरं कचऱ्यात. कोणती शीट कोणत्या तालुक्याची, हे इथे सांगणार नाही. तालुक्यांत भांडणं लावणं हा या मार्गदर्शनाचा उद्देश नाही.

"पण सगळं सारखं दिसायलाच कायले पाहिजे, सर?" असं नवीन लागलेला मुलगा विचारतो. त्याला रागावू नये. त्याला सातबारा दाखवावा. मालगुजारीच्या काळात आपल्याकडच्या पटवाऱ्याचे कागद एका तऱ्हेचे होते आणि मुंबई इलाख्यातल्या तलाठ्याचे दुसऱ्या. १९६६ च्या जमीन महसूल संहितेनंतर सगळ्या राज्याला गाव नमुना एक ते एकवीस अशी एकच चौकट मिळाली. आज आष्टीचा सातबारा सांगलीच्या माणसालाही वाचता येतो, कारण वर सात आणि खाली बारा कुठे असणार हे त्याला डोळे मिटून माहीत असतं. पेज सेटअप हे त्याच खानदानातलं धाकटं पोर आहे.

आता कृती. आठांतली त्यातल्या त्यात सुसंस्कृत शीट निवडा. तिच्यात कागद ए-फोर करा, ओरिएंटेशन लँडस्केप. स्केलिंगमध्ये 'फिट टू' घेऊन रुंदीला एक पान द्या आणि उंचीचा चौकोन रिकामा सोडा. उंचीलाही उत्साहाने एक टाकणारे लोक आहेत. मग दीडशे गावं एका पानावर येतात खरी, पण वाचायला तलाठ्याची नाही, घड्याळजीची नजर लागते. समास डावीकडे जरा जास्त ठेवा, कारण टॅग तिथेच लागतो.

हेडर हा नाजूक भाग आहे, तिथे थोडं थांबावं लागेल. वर्ध्याला हेडरचं कौतुक नवं नाही. १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा आधी मध्य प्रांतात होता, मग मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० पासून मध्य प्रदेशात, १९५६ ला मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा जागचा हलला नाही, पण त्याच्या कागदांचा माथा चारदा बदलला. त्या मानाने तुम्हाला फक्त 'पैसेवारी विवरणपत्र' आणि तालुक्याचं नाव टाकायचं आहे. पण तालुक्याचं नाव हाताने टाइप करू नका. कस्टम हेडरच्या खिडकीत 'शीट नेम'चं एक बटण असतं, ते दाबा. मग ज्या टॅबवर जे नाव, तेच त्या पानाच्या माथ्यावर आपोआप येतं. आळसाने 'तालुका: आर्वी' असं टाइप केलंत, तर पुढच्या पायरीनंतर आठही तालुके आर्वी होतील आणि हिंगणघाटकर ते ऐकून घेणार नाहीत. शिवाय फॉन्ट पाहून घ्या. शीट कृतिदेवमध्ये असेल आणि हेडरला फॉन्ट सांगितलेला नसेल, तर साहेबांना माथ्यावर इंग्रजी अक्षरांची अशी रांग दिसते की त्यांना वाटतं, कोणी तरी पासवर्ड छापला.

हे जमलं की मुख्य विधी. तीच चांगली शीट समोर ठेवून खालच्या टॅबवर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट ऑल शीट्स' म्हणा. वर फाइलच्या नावापुढे 'ग्रुप' असा शब्द उमटेल. आता पेज सेटअपची खिडकी उघडा आणि काहीही न बदलता ओके करा. बस्स. समोर असलेल्या शीटचे संस्कार उरलेल्या सातांना लागतात. काहीच न करता ओके म्हटल्याने काम होतं, असा अनुभव कार्यालयात दुर्मीळ नाही, पण इथे तो अधिकृत आहे.

आणि इथेच, राजेहो, सावध व्हायचं. ग्रुप अजून सुटलेला नाही. समजा याच क्षणी फोन वाजला आणि तालुक्यावरून कोणी म्हणालं, "सर, त्या नवव्या ओळीतल्या गावाचे बावन्न नाही, शेहेचाळीस करा." तुम्ही सज्जन माणूस, ऐकत ऐकत शेहेचाळीस टाइप केले. ते एका शीटमध्ये गेले नाहीत, आठांत गेले. आठही तालुक्यांच्या नवव्या ओळीतलं एकेक गाव, मग ते बोरच्या जंगलालगतचं असो की हिंगणघाटच्या कापसाच्या काळ्या रानातलं, एका एंटरने ५० पैशांच्या आत आलं. पाऊस नाही, कीड नाही, पाहणी समिती नाही. दुष्काळ थेट कीबोर्डातून. त्या गावांना कळलं असतं तर त्यांनी तुमचा सत्कारही केला असता, पण चौकशी वेगळी लागली असती. म्हणून ओके केल्याबरोबर टॅबवर राइट क्लिक आणि 'अनग्रुप शीट्स'. फोन वाजू द्या. चहा आला तरी थांबू द्या.

आता एक कटू सत्य. वरच्या विधीने सगळं जातं, पण दोन गोष्टी जात नाहीत: प्रिंट एरिया आणि प्रत्येक पानावर पुन्हा येणारी शीर्षकाची ओळ. ग्रुपमध्ये प्रिंट टायटल्सचे चौकोन करडे पडतात, जणू अधिकारी रजेवर. ते आठ वेळा, प्रत्येक शीटमध्ये जाऊन भरावे लागतात. बरेच जण इथे कंटाळतात. मग बैठकीत सातवं पान हातात येतं. त्यावर फक्त ४७, ५१, ४९, ६३ असे आकडे. हे पैसे आहेत की हेक्टर, की मागच्या वर्षीचं उत्पन्न, हे वरची ओळ नसल्याने कोणालाच सांगता येत नाही. साहेब पान उलटंही करून पाहतात. मागे कोरं.

कोऱ्यावरून आठवलं. शीटच्या तळाशी, फार खाली, कुणाच्या तरी अंगठ्याने स्पेसबार दाबला गेलेला असतो. एक्सेलच्या लेखी तोही मजकूरच. त्यामुळे शेवटी दोन-चार पानं कोरी करकरीत बाहेर येतात. हा गांधींचा जिल्हा. १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेलेला तो माणूस आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत असे, आणि वर्ध्यातल्याच मगनवाडीत त्यांचे सहकारी कुमारप्पा यांच्या ग्रामोद्योग संघाने हातकागद करायला शिकवलं. त्या गावात टोनरचा आवाज करत कोरी पानं काढणं बरं दिसत नाही. प्रिंट एरिया ठरवून टाका. आणि निघालीच पानं, तर पाठकोरी म्हणून आवक-जावकच्या टेबलावर ठेवा.

हुशार मंडळी म्हणतील, एवढा व्याप कशाला, मॅक्रो लिहा. लिहा की. पण मॅक्रो लिहिणाऱ्याची बदली होते, हा आपल्याकडचा नियमच आहे. मागे राहतो तो पिवळ्या पट्टीतला इशारा आणि तो दाबावा की नाही यावर तीन जणांची कुजबुज. त्यापेक्षा साधा उपाय: नजरअंदाज पैसेवारीचा सप्टेंबर उजाडण्याआधीच एक कोरी, सगळी मापं भरलेली शीट तयार करा, कंट्रोल दाबून टॅब ओढत तिच्या आठ प्रती काढा. पूर्ण शीटची प्रत काढली की शीर्षकाची ओळही सोबत येते. तीच फाइल तालुक्यांना पाठवा आणि बजावा, आकडे भरा, बाकी कशाला हात लावू नका. हात लावतील. पण निदान सांगितल्याची जावक रजिस्टरला नोंद राहील.

शेवटी ही फाइल नागपूरला, विभागाला जाते. तिथला लिपिक सहा जिल्ह्यांची एक फाइल करतो आणि तुमचे सेल निवडून कॉपी-पेस्ट करतो. सेलसोबत पेज सेटअप जात नाही. तुमचा समास, तुमचं हेडर, सगळं वर्ध्यातच राहतं. म्हणून आधीच फोन करावा.

"भाऊ, सेल कॉपी नका करू. टॅबवर राइट क्लिक करा, 'मूव्ह ऑर कॉपी' घ्या, अख्खी शीट उचला."

"तुमचं बरं आहे बाप्पा," तो म्हणतो, "तुमची एक्सेलमध्ये तरी आली. एका जिल्ह्यानं प्रिंटचा फोटो काढून पाठवला आहे. तोही वाकडा."